पाव, बाट आणि भट्टीची शाळा

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर, म्हणजे आपल्या मराठी व्याकरणाचे दादोबा, हे तिच्या संस्थापकांपैकी एक. जातिभेद मानायचा नाही, ही या सभेची प्रतिज्ञा. पण नुसत्या तोंडी प्रतिज्ञेवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून नव्या सभासदाला एक परीक्षा द्यावी लागे. ख्रिस्ती माणसानं भाजलेल्या पावाचा तुकडा सगळ्यांसमोर खायचा. तुकडा गिळला की माणूस सभासद झाला! पुढे १८६० मध्ये सभासदांची नावं बाहेर फुटली. जातीबाहेर पडण्याच्या धास्तीनं मंडळी पांगली आणि सभा बंद पडली.

आज सकाळी तुमच्या घरी चहाबरोबर काय होतं, ते आठवून पाहा. बटर असेल, खारी असेल, टोस्ट असेल, निदान दोन बिस्किटं तरी नक्की असतील. ज्या तुकड्यासाठी शिकल्यासवरल्या माणसांना मन घट्ट करावं लागत होतं, तो आज आपण वर्तमानपत्र वाचता वाचता चहात बुडवून खातो. आणि आता तर त्याच्याही पुढची पायरी आली आहे. आपल्या मुली तो भाजायला शिकण्यासाठी शाळेत नाव घालतात. खाण्यापासून शिकण्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, त्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

हा विषय मला सुचला तो घरातूनच. मी भिवंडीत, कामतघरला राहतो. वऱ्हाळदेवीचा तलाव आमच्या पायाशी आणि यंत्रमागांचा खडखडाट कानाशी. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. माझी धाकटी बहीण शेजारच्याच इमारतीत राहते. तिची मुलगी, माझी भाची, बी.कॉम. झाली. आता ती बँकेच्या परीक्षा देईल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनं सांगितलं, 'मला बेकरीचा अभ्यासक्रम करायचा आहे. मुंबईत. मी फॉर्म भरलाय.' घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आमची आई म्हणाली, 'एवढं शिकून पोरगी भटारखान्यात शिरणार का?'

'भटारखाना' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण त्या दिवशी तो मला वेगळाच ऐकू आला. केवढा इतिहास त्या एका शब्दात साठलेला आहे! आईला पाव आवडतो, नानकटाई तर फारच. मग खाणाऱ्याला जे चालतं, ते करणाऱ्याला कमीपणाचं का? याचं उत्तर शोधायचं तर चारशे-पाचशे वर्षं मागं जावं लागतं.

आपला 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेला, १५३४ मध्ये वसई. वसई आमच्या भिवंडीपासून काही फार लांब नाही, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत दोनशे वर्षं तिथं पोर्तुगीज अंमल होता. या लोकांना रोजच्या जेवणाला फुगलेली, भाजलेली रोटी हवी. शिवाय चर्चमधल्या विधीलाही गव्हाचीच रोटी लागायची. आपला मुलूख भाताचा. गहू बाहेरून आणता आला, पण पीठ फुगवायचं कशानं? त्यावर इथल्याच माणसांनी तोड काढली. माडाची ताडी घातली की पीठ फुगतं! ताडीत नैसर्गिक यीस्ट असतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. युरोपातसुद्धा ते कोडं उलगडलं ते लुई पाश्चरच्या १८५७ नंतरच्या संशोधनातून. म्हणजे शास्त्राला कारण सापडण्याच्या आधी पिढ्यान् पिढ्या आपल्या किनाऱ्यावरचे कारागीर ते काम बिनचूक करत होते.

गोव्यात या कारागिरांना 'पोदेर' म्हणतात. सासष्टीतला, विशेषतः माजोर्ड्याचा भाग त्यांच्यासाठी प्रसिद्ध. कोंडा लावलेली पोकळ पोळी म्हणजे पोई, कडक कवचाचा उंडो, बांगडीसारखी काकणां. सकाळ-संध्याकाळ पोदेर दारावर यायचा. पूर्वी त्याच्या हातातल्या काठीच्या घुंगरांचा आवाज यायचा, पुढे सायकलच्या भोंग्याचा. गोव्याच्या गावांत अजूनही तो भोंगा ऐकू येतो. गोव्यातली माणसं पोटासाठी मुंबईला आली, तेव्हा त्यांनी ही विद्याही बरोबर आणली.

इकडे घाटावर आणि कोकणात मात्र पावाभोवती एक गोष्ट रचली गेली. ती तुम्हीही ऐकली असेल. रात्री विहिरीत पावाचा तुकडा टाकला, सकाळी गावानं ते पाणी प्यालं आणि सगळं गाव बाटलं! इतिहासाच्या कागदपत्रांत धर्मांतराची कारणं निराळी दिसतात. राजसत्तेचा दबाव, देवळांची मोडतोड, नव्या धर्मात येणाऱ्यांना सवलती, मिशनऱ्यांचं काम, अशी कितीतरी. लोककथेला एवढं सगळं सांभाळता येत नाही. तिनं सारा दोष एका तुकड्यावर टाकला आणि मोकळी झाली. पण त्याचा परिणाम असा झाला की पाव हा पदार्थ न राहता तो 'बाट' झाला. जो खाईल तो बाटेल. आणि जो करील? त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको.

ही भीती किती खोल होती, त्याचं उदाहरण पुण्यातलं आहे. १८९० च्या ऑक्टोबरात गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावलं. भाषणं झाली. मग चहा आणि बिस्किटं पुढं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव मोठे मिस्किल. त्यांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली! पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तांवर वाद झाले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या काळात घरच्यांना झालेल्या त्रासाबद्दल लिहिलं आहे. टिळक आणि रानडे एरवी एकमेकांचे विरोधक. बिस्किटांच्या त्या बशीनं मात्र दोघांनाही एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

पण बाजारपेठ मोठी चतुर असते. लोकांना बिस्किट हवं आहे, फक्त ते कुणाच्या हातचं याची चिंता आहे, हे तिनं लगेच ओळखलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीत चक्क 'हिंदू बिस्किट' नावाची कंपनी निघाली. नावातच हमी! आपल्याकडे १९२९ साली विलेपार्ल्यात पार्ले कंपनी सुरू झाली आणि १९३९ पासून बिस्किटं करू लागली. पुण्याच्या साठे बिस्किटांचे डबे जुन्या घरांच्या माळ्यावर अजून सापडतात. यंत्रानं बनवलेल्या, कागदात गुंडाळलेल्या बिस्किटाला कुणाचा हात दिसत नव्हता. आणि जो हात दिसत नाही, त्याची जात विचारायचीही सोय नव्हती. बाट हळूहळू कमी झाली ती अशी. मनातली शंका पुसून टाकण्यापेक्षा ती झाकून ठेवणं सोपं होतं, एवढंच.

खाण्याची अडचण सुटली. करण्याची मात्र सुटली नाही. कारण तिथं दुसरी भिंत होती.

आपल्या मराठीत 'भाजणे' या एका क्रियापदात किती गोष्टी मावतात पाहा. भाकरी भाजतात, पापड भाजतात, वांगं भाजतात, दाणे भाजतात. थालीपीठाच्या पिठाचं नावच भाजणी. पण हे सगळं खालच्या आचेवर. चारी बाजूंनी कोंडलेल्या उष्णतेत पदार्थ भाजायचा, तर भट्टी हवी. ती आपल्या स्वयंपाकघरात नव्हती. याला अपवाद होते. पाठारे प्रभूंच्या घरी भानोळं करताना भांड्याच्या खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवत. म्हणजे घरातल्या घरात केलेली छोटी भट्टीच. पण रोजच्या मराठी घराला चूल, तवा आणि कढई एवढं पुरत होतं.

मग नानकटाई कशी व्हायची? पन्नाशी-साठीच्या वाचकांना हे चांगलं आठवत असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या आधी घरी तूप आणि पिठीसाखर फेसायची. हात दुखेपर्यंत फेसायची. मैदा, रवा, थोडं बेसन, वेलची घालून गोळे करायचे आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून ते बेकरीत न्यायचे. ट्रेवर खडूनं नाव. ते नेण्याचं काम आम्हा मुलांचं. बेकरीत पहाटेचा पाव निघालेला असायचा, भट्टी निवत आलेली असायची. नानकटाईला तशी मंद धगच लागते. पाव ज्या आचेत भाजतात, त्या आचेत नानकटाईचा कोळसा होईल. तेव्हा बायकांनी फेसायचं, पोरांनी वाहून न्यायचं आणि भाजायचं मात्र त्या आतल्या माणसानं. आमच्या आईनं आयुष्यभर नानकटाई केली. पण बेकरीच्या दाराच्या आत ती कधी गेली नाही. आत काय चालतं, हे तिनं कधी पाहिलंच नाही.

आत काय चालायचं? विटांची घुमटासारखी मोठी भट्टी. तिच्या पोटात आधी लाकडं पेटवायची. विटा तापून उष्णता धरून ठेवतात. निखारे बाजूला ओढायचे, तळ पुसून घ्यायचा आणि लांब दांड्याच्या फळीनं पावाच्या लाद्या आत सरकवायच्या. पहिल्या कडक आचेत पाव, मग बन, मग बिस्किटं. अगदी शेवटी, रात्रभराच्या उरल्या धगीत टोस्ट सुकवायचे. उष्णतेचा कणही वाया जायचा नाही. हे काम मध्यरात्रीनंतरचं, उघड्या अंगानं करण्याचं, घामाचं. मालक कुणी इराणी, कुणी गोव्याचा, कुणी मुसलमान. कारागीर बहुतेक परगावचे आणि बेकरीतच मुक्काम असलेले. विद्या बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून पोऱ्याकडे. लिहिलेलं काही नाही. बाईमाणसाला आत मज्जाव करणारी पाटी नव्हती. पण पाटी लावावी लागतच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई आली. १९५६ मध्ये पी. एल. ४८० योजनेखाली अमेरिकेचा गहू यायला लागला आणि भात-ज्वारी खाणाऱ्या घरांतही रेशनचा गहू शिरला. १९६५ साली केंद्र सरकारनं 'मॉडर्न बेकरीज' ही कंपनी काढली. मेणकागदातला कापलेला ब्रेड गावोगाव पोचला. सरकारच पाव विकतंय म्हटल्यावर बाट कसली? गंमत म्हणजे, २००० साली केंद्रानं जे सार्वजनिक उद्योग खासगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली, त्यांत पहिला नंबर याच कंपनीचा लागला.

आमच्या भिवंडीत तर पावाला पर्यायच नव्हता. यंत्रमाग दोन पाळ्यांत चालतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले कामगार, बरेचसे एकटे, एकेका खोलीत दहा-दहाजण. रात्रपाळी सुटली की पोटात काहीतरी पडायला हवं आणि ते स्वस्त हवं. ते पहाटे गरम मिळायचं फक्त बेकरीत. चहा आणि पाव, चहा आणि बटर. तेलुगू विणकर, उत्तर प्रदेशचे अन्सारी, आमचे इथले आगरी, सगळ्यांच्या हातात एकाच भट्टीची लादी. परमहंस सभेला जे गुपचूप करावं लागलं, ते भुकेनं भररस्त्यात करून टाकलं.

आता येतो शाळेकडे. कारण खरी भिंत फुटली ती तिथं.

१९५०च्या सुमारास कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी या स्वतः गुजरातीतल्या नावाजलेल्या लेखिका. टंचाईच्या त्या दिवसांत त्यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय महिला अन्न परिषदेचं काम उभं राहिलं. तांदूळ-गव्हाची टंचाई असताना लोकांना इतर धान्यं खायला शिकवायची, स्वच्छ आणि स्वस्त खाणं द्यायचं, यासाठी 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहं निघाली. ती चालवायची तर शिकलेली माणसं हवीत. शिकवणार कोण? स्वयंपाक ही काय शाळेत शिकायची गोष्ट आहे का? या प्रश्नाला परिषदेनं १९५४ साली मुंबईत उत्तर दिलं. हॉटेल व्यवस्थापन, खाद्यव्यवस्था आणि पोषण शिकवणारी देशातली पहिली संस्था त्यांनी सुरू केली. आज ती दादरला वीर सावरकर मार्गावर उभी आहे. मूळच्या केरळच्या थंगम फिलिप या दीर्घकाळ तिच्या प्राचार्या होत्या. त्यांनी लिहिलेलं पाककलेचं पाठ्यपुस्तक पुढं देशभरातल्या अशा संस्थांत वापरलं गेलं. १९७६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या घटनेकडे जरा थांबून पाहा. ज्या देशात स्वयंपाक घरी बायकांनी फुकट करायचा आणि बाहेर पुरुषांनी हलक्या कामासारखा करायचा अशी वाटणी होती, तिथं बायकांच्याच एका परिषदेनं तो विषय फळ्यावर लिहिला. त्याला तास दिले, परीक्षा दिली, प्रमाणपत्र दिलं. प्रवेशाचा अर्ज भरताना तुमचा बाप बेकरीवाला होता का, हे कुणी विचारत नव्हतं. तुम्ही मुलगा की मुलगी, यानं अडत नव्हतं. जी विद्या जन्मानं किंवा उस्तादाच्या मर्जीनं मिळायची, ती फी भरून आणि वह्या भरून मिळू लागली. आपल्याकडच्या कुठल्याही विद्येच्या इतिहासात हे वळण मोठं असतं. संगीतात विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा घराण्यांच्या बंद दारांचं जे झालं, तेच इथं भट्टीच्या दाराचं झालं.

अशा शाळेत शिकवतात तरी काय? भाची सांगते त्यावरून मला कळलं की पहिला धडा वजनाचा. आपल्या आयाबहिणींना कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० साली वाटी-चमच्याचं माप दिलं. ते सोपं होतं, म्हणूनच पुस्तक घरोघरी गेलं. आमटीला ते माप पुरतं, कारण आमटी उकळताना चव घेऊन सुधारता येते. पाव एकदा भट्टीत गेला की गेला. मध्येच मीठ घालता येत नाही. म्हणून सगळं ग्रॅममध्ये. जगभरचे बेकरीवाले एक साधा हिशेब वापरतात. मैदा कितीही असो, तो १०० धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात मांडायचं. पाणी साधारण ६०, मीठ २, यीस्ट त्याच्या जवळपास. मग एक किलोचा पाव करा की पन्नास किलोचा, हिशेब तोच. बी.कॉम. झालेल्या मुलीला हे लगेच जमलं यात नवल नाही!

मग कारणं. यीस्ट हा जीव आहे. कोमट पाण्यात तो कामाला लागतो, कढत पाण्यात मरतो. मीठ त्याचा वेग आवरतं. मैद्यातली प्रथिनं मळल्यावर जाळं धरतात, त्या जाळ्यात वायू अडकतो आणि पीठ फुगतं. नानकटाईला हे जाळं नको असतं, म्हणून तिथं तूप जास्त आणि मळणं कमी. आमची आई सांगायची, 'नानकटाईचं पीठ फार मळू नये, रुसतं.' रुसतं म्हणजे काय होतं, ते नातीनं शाळेत शिकून येऊन आजीला सांगितलं. पाव फ्रिजमध्ये ठेवला तर तो लवकर शिळा होतो, कारण थंडीत त्यातला स्टार्च भराभर कडक होतो, हेही तिनंच सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरी पाव बाहेर ठेवतात.

प्रवेशाचं म्हणाल तर तो सहज झाला नाही. फीसाठी बहिणीनं भिशी उचलली. ती रक्कम तिनं दुसऱ्याच कामासाठी ठेवली होती. कामतघरहून पहाटे निघायचं, अंजूरफाट्यावरून काल्हेर-कशेळी करत ठाणं गाठायचं आणि मग लोकल. पावसाळ्यात त्या रस्त्यावर अडकलं की पहिला तास गेलाच. पुढं नोकरी लागली तर तीही अवेळची, कारण पाव आजही पहाटेच लागतो. आईची खरी काळजी हीच होती. 'भटारखाना' हा शब्द तिनं वापरला, पण तिच्या डोळ्यांसमोर रात्री दोन वाजता घरी परतणारी नात होती. ती काळजी खोटी नाही. इतिहासानं एक दार उघडलं म्हणून त्या दारापर्यंतचा रस्ता सुरक्षित होतोच असं नाही. भाचीनंही आजीशी वाद घातला नाही. 'पहिलं वर्ष होऊ दे, मग बोलू,' एवढंच म्हणाली.

पण या कथेला आणखी एक बाजू आहे आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. शाळांची संख्या वाढली, केक शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली निघाले, आणि त्याच वेळी जुन्या भट्ट्या विझत चालल्या. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला आणि मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना गॅस किंवा विजेकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. धुरानं माणसं आजारी पडतात, तेव्हा आदेशाला नाव ठेवता येणार नाही. पण लहान बेकरीवाल्याला नवी यंत्रं परवडायची कशी, हा प्रश्न उरतोच. शिवाय विटांच्या भट्टीत हात सरावलेला कारागीर बटणांच्या ओव्हनसमोर पुन्हा शिकाऊ होतो. त्याची चाळीस वर्षांची विद्या कुठल्याच प्रमाणपत्रावर नाही. शाळेनं दार उघडलं हे खरं. पण त्या दारातून बाहेरची माणसं आत आली, तशी आतली माणसं फळ्यापर्यंत पोचली का? फारशी नाही.

आमच्या भागात एक वयस्कर बेकरीवाले चाचा आहेत. मुलं दुसऱ्या धंद्यात गेली, भट्टी ते एकटेच ओढतात. सुट्टीच्या दिवशी भाची त्यांच्याकडे जायला लागली. सुरुवातीला ते हसले, मग स्टूल दिलं, मग पीठ हातात दिलं. त्यांचं माप म्हणजे मूठ, चिमूट आणि डब्याचं झाकण. भाचीनं एक छोटा वजनकाटा नेला. चाचांनी मुठीनं मीठ घ्यायचं आणि पिठात टाकायच्या आधी ते काट्यावर ठेवायचं, असं ठरलं. तीन वेगळ्या दिवशी तीन मुठी मोजल्या. फरक दोन-तीन ग्रॅमचा. शंभराच्या हिशेबात मांडलं तर शाळेच्या वहीतल्या आकड्याला जवळजवळ चिकटून! चाचांना त्याचं विशेष वाटलं नाही. आकडा त्यांच्या हातात होताच, फक्त त्याला आकडा म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं.

मी इतिहासाचा मास्तर. मला यात दादोबा दिसतात. १८३६ साली दादोबांनी मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्यांनी भाषा निर्माण केली नव्हती. शेतात, बाजारात, ओव्यांत ती आधीपासून बोलली जातच होती. लोकांच्या तोंडी असलेले नियम त्यांनी कागदावर आणले, म्हणून ते पुढच्यांना शिकता आले. शाळा तेच काम करते. तिला भट्टीपेक्षा वरचढ समजण्याचं कारण नाही आणि भट्टीला हलकं समजण्याचं तर मुळीच नाही. ज्यांनी ताडीनं पीठ फुगवलं, ज्यांनी ते आंबवण्याची वेळ हवेच्या वासावरून ओळखली, त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. त्यांच्या हातचं खाणं हा अपराध होता, तेव्हा त्यांच्या हातचं ज्ञान कोण लिहून ठेवणार?

म्हणून तुमच्या घरातलं कुणी उद्या म्हणालं की मला बेकरी शिकायची आहे, तर त्याला दोन गोष्टी सांगा. शाळेत जा, कारण ती शाळा सहजासहजी मिळालेली नाही. आणि आठवड्यातून एकदा जवळच्या भट्टीवरही जा, वही घेऊन जा. भाचीच्या वहीत लादी पावाची कृती आता शंभराच्या हिशेबात लिहिलेली आहे, पाणी, मीठ, यीस्ट, आंबण्याचा वेळ, सगळ्यासकट. त्या पानाच्या डोक्यावर, पाठ्यपुस्तकात लेखकाचं नाव असतं त्या जागी, तिनं चाचांचं नाव लिहिलं आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)